आलेमूच्या मानेवरचा धोंडा

आलेमू वोर्कूने बंगळुरात पहिला मार खाल्ला तो वसतिगृहात आल्याच्या चौथ्या दिवशी, आंघोळीच्या रांगेत. साल अठ्ठावन्न, जून महिना, वय तेरा. त्याचे केस खरे की चिकटवलेले हे बघायला मागच्या पोराने मूठभर उपटून घेतले. आलेमूने त्याच्या तोंडावर तांब्या हाणला. मग रांगेतल्या सगळ्यांनी मिळून आलेमूला हाणलं. गलका ऐकून ड्रिलचे मास्तर देवाप्पा आले आणि कोण चूक, कोण बरोबर असल्या भानगडीत न पडता त्यांनी वेताची छडी सगळ्यांना सारखी वाटली. पोरं कळवळली. आलेमूला मात्र, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. आल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी त्याला बाकीच्यांसारखं वागवलं होतं.

आलेमू इथिओपियाचा. बाप वोर्कू तिकडच्या बादशहाच्या पहाऱ्याच्या पलटणीत हवालदार, आई लहानपणीच गेलेली. तिकडे फौजी शिक्षण द्यायला गेलेल्या एका हिंदी साहेबाने वोर्कूच्या डोक्यात भरवलं, की पोराला शिकवायचं तर बंगळूरला धाड. हवा तुमच्या डोंगरासारखी थंड, शाळा चांगल्या, शिस्त कडक. हवेचं खरं होतं. शिस्तीचंही खरंच होतं म्हणा, पण ती कशाशी खातात ते साहेबाने सांगितलं नव्हतं. पोरगं बोटीने मुंबईला आणि तिथून आगगाडीने इथे येऊन पडलं. बरोबर एक पत्र्याची पेटी आणि बापाचा एकच उपदेश, कुणाचं ऐकून घेऊ नकोस.

उपदेश त्याने जरा जास्तच मनावर घेतला. शाळा मल्लेश्वरमच्या पुढे, यशवंतपूरच्या वाटेवर. खोलीत आठ पोरं, त्यातली पाच बेळगाव-खानापूर-निपाणीकडची, घरी मराठी बोलणारी. त्यामुळे या गड्याला कन्नडच्या आधी मराठी आलं, आणि मराठीत आधी शिव्या, मग जेवणाचे शब्द, मग बाकीचं. आलेमू म्हणायला जीभ वळत नाही अशी सबब सांगून पोरांनी त्याचं ‘आलूगड्डे’ करून टाकलं, म्हणजे बटाटा. एका ‘आलूगड्डे’ला एक बुक्की, असा त्याने दर लावला. वर्षभरात त्याचा एक दात पडला आणि त्याने दुसऱ्यांचे दोन पाडले.

एका दुपारी चौघांनी त्याला खाटेवर दाबून धरलं आणि तोंडाला चुना फासला. गोरा करतो म्हणाले. चुना डोळ्यांत गेला. दोन दिवस त्याला नीट दिसत नव्हतं. तिसऱ्या दिवशी दिसायला लागल्याबरोबर त्याने चौघांतला म्होरक्या शोधला, त्याची मान धरली आणि कपडे धुण्याच्या दगडावर नाक आपटलं. नाक मोडलं. देवाप्पा मास्तरांनी त्या दिवशी आलेमूला बारा छड्या दिल्या आणि मग चुना लावणाऱ्या तिघांना हुडकून प्रत्येकी पंधरा. चौथ्याला दवाखान्यातून येऊ दिलं आणि मग दिल्या. असा न्याय.

हे देवाप्पा मास्तर खानापूरकडचे. पलटणीत होते, तिथून सुटून शाळेत लागले. यशवंतपूर स्टेशनच्या मागे त्यांचं कौलारू घर आणि घराला लागून तालीम. माणूस मनाचा वाईट नव्हता, पण हात आधी चालायचा आणि विचार मागून यायचा, आणि पुष्कळदा यायचाच नाही. बायको यल्लव्वा, आणि एकुलता एक पोरगा परसू, आलेमूच्याच वर्गात. मास्तर रविवारी वसतिगृहातली दोन-तीन पोरं घरी जेवायला न्यायचे, त्यात हळूहळू आलेमू कायमचा झाला. यल्लव्वा ज्वारीची भाकरी आणि लालभडक मटण वाढायची. इतकं तिखट खाऊन वर ‘अजून’ म्हणणारं परक्या मुलखातलं पोर बघून तिला त्याची मायाच लागली. ती त्याला ‘माझा काळा’ म्हणायची. कुणी दुसऱ्याने म्हटलं असतं तर दात पडला असता. यल्लव्वाला तो ‘अव्वा’, म्हणजे आई, म्हणायचा.

मास्तर हॉकी शिकवायचे. तिकडे आलेमूच्या मुलखात नाताळात गावंच्या गावं वाकड्या काठ्या घेऊन चेंडू मारायला उतरतात. नियम असे जवळजवळ नाहीतच. असला खेळ खेळून आलेला पोरगा. मास्तरांनी त्याला सहा महिने नुसते नियम शिकवले आणि तिसऱ्या वर्षी संघाचा कप्तान केला. परसूला वाटत होतं कप्तान आपण होणार. बाप मास्तर, दुसरं कोण होणार? त्या दिवसापासून परसू आलेमूशी बोलेनासा झाला. रविवारी तो ताट घेऊन आत जाऊन बसायचा.

आणि साठच्या डिसेंबरात तिकडे बंड झालं. पहाऱ्याची पलटणच बादशहावर उलटली आणि तीन-चार दिवसांत मोडून काढली गेली. वोर्कू पहिल्याच दिवशी गोळी लागून मेला. हे आलेमूला कळलं फेब्रुवारीत, चुलत्याच्या पत्रातून. पत्रात आणखी दोन ओळी होत्या. घर सरकारने जप्त केलंय. तू इकडे येऊ नकोस, बंडखोराच्या पोराला इथे कुणी सोडणार नाही. आलेमूने पत्र घडी करून चड्डीच्या खिशात ठेवलं आणि मैदानावर गेला. रडला नाही. रडायचं कुणापुढे, हेच त्याला कळेना. संध्याकाळी मात्र त्याने पत्र मास्तरांना दाखवलं. मास्तरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, दुसरं त्यांना काय सुचणार? घरी जाऊन त्यांनी यल्लव्वाला सांगितलं. परसू तिथेच होता.

मार्चमध्ये सरावाच्या खेळात परसूने त्याच्या घोट्यावर काठी घातली. आलेमूने ती सोसली. परसूने दुसऱ्यांदा घातली. तीही सोसली. मग परसू जवळ आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “फितुराची अवलाद. तुझ्या बापाला कुत्र्यागत गोळी घातली म्हणं.”

आलेमूची काठी कधी वर गेली ते त्याचं त्यालाच कळलं नाही. मोठा कडाड आवाज झाला. परसू तोंड धरून खाली बसला आणि त्याच्या बोटांमधून रक्त आलं, नुसतं रक्त नव्हे. कडेला उभी असलेली दोन पोरं ते बघून ओकली. मास्तर लांबून पळत आले, आधी पोराकडे बघितलं, मग आलेमूकडे. पोराला उचलून पाठीवर टाकलं आणि तसेच दवाखान्याकडे धावले.

डावा डोळा गेला. दहा दिवस परसू दवाखान्यात होता. ते दहा दिवस आलेमूशी कुणी बोललं नाही. एका सकाळी जिन्यात पाच-सहा पोरांनी गाठून त्याला पायऱ्यांवरून खाली लोटलं आणि लाथा घातल्या. आलेमूने उलट मारायला हात उचलला नाही, असं त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं. हेडमास्तरांनी बोलावून स्पष्ट सांगितलं. “परसूच्या वडिलांवर आहे सगळं. सोमवारी ते पोलिसांत तक्रार देणार म्हणतात. दिली तर तुझं नाव काढावं लागेल, आणि सरकार तुला तुझ्या देशात परत पाठवेल.”

परत म्हणजे कुठे, हे त्या पोराला पक्कं ठाऊक होतं. चुलत्याने लिहिलंच होतं.

पण एक सांगतो, तो नुसता भ्यालेला नव्हता. परसूच्या डोळ्याने त्याला आतून खाल्लं होतं. अव्वाच्या हातच्या भाकऱ्या आठवून त्याला वसतिगृहाचा भात गिळवत नव्हता. आणि रक्त सांडल्यावर काय करायचं असतं, हे त्याच्या मुलखात लहान पोरालाही माहीत असतं. सात वर्षांचा असताना त्याने बघितलं होतं. चुलत्याने शेजाऱ्याचा जबडा फोडला होता. तेव्हा चुलता मोठा धोंडा मानेवर घेऊन, कमरेत वाकून शेजाऱ्याच्या दारात उभा राहिला. बोलायचं त्याने नाही. गावातले म्हातारे बरोबर येतात, ते त्याच्या बाजूने बोलतात. गुन्हेगाराने तोंड उघडायचं नाही आणि धोंडा खाली टाकायचा नाही. टाकला तर माफी मागणंच खोटं ठरतं. ज्याचं नुकसान केलं त्यानेच तो काढायचा. काढायचा नसेल तर त्याच धोंड्याने मान ठेचावी, तिथवर कबुली. शेजाऱ्याने तेव्हा चुलत्याला अर्धा दिवस उन्हात उभं ठेवलं, आणि मग काढला.

आलेमूकडे म्हातारे नव्हते. बंगळुरात त्याच्या बाजूने बोलणारं म्हातारं माणूस आणायचं कुठून? तो एकटाच निघाला.

रविवारी सकाळी त्याने कुंपणाच्या भिंतीसाठी आणून टाकलेल्या दगडांतला एक निवडला. घडवलेला करकरीत पांढरा धोंडा, वीसेक शेर वजनाचा. मानेवर घेतला, दोन्ही हातांनी धरला आणि रस्त्याला लागला. यशवंतपूर तिथून दोन मैल. पहिल्या फर्लांगातच मानेची कातडी सोलली. हमाल बघून हसले. एका जटकावाल्याने घोडा थांबवून विचारलं, “एनप्पा, काय रे बाबा, कुठे बांधायचंय देऊळ?” आलेमूने मान वर केली नाही. घाम डोळ्यांत उतरत होता आणि तो पुसायला हात मोकळा नव्हता. रेल्वे फाटकापाशीही त्याने धोंडा खाली ठेवला नाही. परसूने काढला की मगच श्वास घ्यायचा, असं तो स्वतःला सांगत होता.

आता दुसऱ्या बाजूने बघा. रविवारची सकाळ, यल्लव्वा दारात मिरच्या वाळत घालतेय. ओसरीवर खाटेवर परसू, अर्ध्या तोंडाला पांढरी पट्टी. आणि गल्लीतून ज्याने पोराचा डोळा फोडला तोच पोरगा येतोय, घामाने निथळलेला, डोळे लाल, तोंडातून शब्द नाही, आणि दोन्ही हातांत डोक्याच्या मागे हा एवढा धोंडा. तिने काय समजायचं?

“परसूला माराय आला,” यल्लव्वा ओरडली. “अहो, धावा, धोंडा घिऊन आलाय.”

तालमीतून भीमसेन पैलवान आणि आणखी तिघे तेल लावलेल्या अंगाने बाहेर आले. भीमसेन म्हणजे मास्तरांचा पहिला चेला, रेल्वेच्या गोदामात पोती वाहणारा गडी. त्याने विचारलंसुद्धा नाही. आलेमूच्या पोटात लाथ घातली. आलेमू वाकला, आणखी वाकला, पण धोंडा सुटला नाही. “टाक, धोंडा टाक,” सगळे ओरडत होते. त्याने टाकला असता तर तिथेच थांबलं असतं सगळं. पण टाकायचा नाही, हाच तर नियम. तो जितका घट्ट धरी, तितके हे पेटत. एकाने कानाखाली मारली, एकाने पाठीत मुद्गलाचा दांडा घातला. आलेमूच्या तोंडातून रक्त आलं आणि तो गुडघ्यांवर आला. तेवढ्यात घरातून मास्तर काठी घेऊन निघाले. दहा दिवसांचा राग होता त्यांच्या अंगात. त्यांनी काठी दोन्ही हातांनी उचलली आणि आलेमूच्या उजव्या हातावर, कोपराच्या खाली घातली.

हाड मोडल्याचा आवाज ओसरीवर ऐकू गेला. धोंडा मानेवरून घसरून मिरच्यांत पडला.

मास्तरांनी काठी पुन्हा उचलली. आणि मग आलेमूने जे केलं ते बघून त्यांचा हात वरच राहिला. पोरगा मिरच्यांतून गुडघ्यांवर सरकत धोंड्यापाशी गेला. मोडका हात लोंबत होता. डाव्या हाताने त्याने धोंडा अंगाशी ओढला, खांद्याशी आणला, तो पुन्हा पडला, पुन्हा ओढला. शेवटी मान जमिनीला टेकवली, धोंडा तिच्यावर ओढून घेतला आणि तसाच पालथा पडून राहिला. ज्याला मारायचं असतं तो असं करत नाही, एवढं तालमीतल्या पैलवानांनाही कळलं. मिरच्यांचा खकाणा सगळ्यांच्या नाकात गेला होता, पण कुणी खोकलंही नाही.

बोलायचं नाही हा नियम आलेमूने मग मोडला. दुसरं कोण बोलणार होतं त्याच्या बाजूने? मातीत तोंड असतानाच तो म्हणाला, “परसू, तू काढ. आमच्याकडे असं मागतात माफी. नको असेल तर मार त्यानंच.”

परसू खाटेवरून उठला. एका डोळ्याने त्याला पायरीचा अंदाज येईना, तो ठेचकाळला. यल्लव्वा धरायला गेली तर त्याने तिचा हात झिडकारला. धोंड्यापाशी येऊन तो बसला आणि दोन्ही हातांनी धोंडा उचलला. उचलून तो उभा राहिला. आलेमूच्या मानेच्या बरोबर वर धोंडा. आलेमूला फक्त परसूचे पाय दिसत होते. त्याने डोळे मिटून घेतले आणि वाट बघितली.

परसूने धोंडा बाजूला टाकला. “त्याच्या बापाला मी कुत्रा म्हटलं, अप्पा,” तो म्हणाला. “तुम्हाला सांगितलं न्हवतं मी.” आणि तो तिथेच बसून एका डोळ्याने रडायला लागला.

जटक्यातून आलेमूला दवाखान्यात नेलं मास्तरांनीच. वाटभर त्याचं डोकं मांडीवर धरून बसले होते. मारहाणीचा रुग्ण म्हणून तिथल्या पोलिसाने वही काढली. मास्तरांना ओळखणारा होता तो. कन्नडमध्ये विचारलं, “कुणी मारलं?”

“मी. लिहा.”

पोलिसाने वर बघितलं. “का?”

“धोंडा घेऊन माझ्या दारात आला.”

“मारायला?”

“नाही. माफी मागायला.”

“मग मारलंत का, मास्तर?”

देवाप्पा मास्तरांची मान खाली गेली ती गेलीच. खाटेवरून आलेमू बघत होता. आपल्या एका शब्दावर आता या माणसाची नोकरी आहे, हे त्याला समजत होतं, आणि खोटं कशाला सांगू, क्षणभर त्याला ते गोडही वाटलं. हात ठणकत होता. मग तो म्हणाला, “पोलिस अण्णा, माझी तक्रार नाही. लिहू नका.” आणि मास्तरांकडे वळून, “मास्तर, आमच्यात असं असतं की ज्यानं गुन्हा केला त्यानं बोलायचं नसतं. त्याच्यासाठी मोठं माणूस बोलतं. माझ्याकडे कोणी नाही. उद्या हेडमास्तरांपुढे तुम्ही बोलाल?”

मास्तरांनी मान हलवली. होय की नाही, ते आलेमूला कळलं नाही.

सोमवारी डॉक्टर नको म्हणत असताना आलेमू प्लास्टरातला हात गळ्यात बांधून शाळेत आला. हेडमास्तरांच्या खोलीबाहेर मास्तर उभे होते. धुतलेलं धोतर, काळा कोट, डोक्याला फेटा, लग्नाला निघाल्यासारखे. दोघे आत गेले. आलेमू मास्तरांच्या मागे, मान वाकवून.

“तक्रार आणलीत?” हेडमास्तरांनी विचारलं.

“न्हाई. या पोराच्या बाजूनं बोलाय आलोय.”

“तुम्ही? तुमच्याच मुलाचा डोळा गेलाय ना?”

“गेलाय. जल्मभर दिसणार हाय ते मला.” मास्तरांना बोलायची सवय नव्हती, आयुष्यभर छडीनेच बोलले होते. “पण याच्याकडं दुसरं मोठं माणूस न्हाई, साहेब. म्हणून मी आलोय.”

मग त्यांनी हात जोडले. ते जोडलेले हात बघून मागे उभ्या आलेमूने, चुलत्याचं पत्र आल्यापासून पहिल्यांदा, तोंड न उघडता रडून घेतलं.

“ठेवून घ्या त्याला,” मास्तर म्हणाले.